पदराखालची डबी

मला पहिल्यांदा खटकली ती तिची नजर. गोष्ट एवढीशीच, पण खटकली.

मी कानाची डबी बोलतेय. नगरच्या एका दवाखान्यात, काचेच्या कपाटात, कापसाच्या पुड्यांशेजारी मी पडून होते. समोर स्टुलावर पांढऱ्या खादीच्या पातळातली एक तरुण मुलगी बसली होती. तिच्या पाठीमागे चार हातांवर डॉक्टर मरियमबाई उभ्या होत्या आणि कुजबुजल्यासारखा एकेक शब्द उच्चारत होत्या. ऐकू आलेला शब्द मुलीने परत म्हणायचा. कानांची परीक्षा ती हीच.

"उंबरठा."

"उंबरठा."

"चिमणी."

"चिमणी."

एकही शब्द चुकत नव्हता. दाराशी बसलेल्या तिच्या आईला, साराबाईंना, ते बघवेना. "अहो बाई, घरी दूध उतू जाऊन चूल विझते तरी हिला पत्ता नसतो. आणि इथं बघा, कशी पोपटासारखी बोलतेय!"

मुलगी मात्र सारखी माझ्याकडे बघत होती. पापणी न लवता. मला आधी बरं वाटलं. इतक्या मायेने माझ्याकडे कोण बघतं? मग लक्षात आलं. ती मला बघतच नव्हती. कपाटाच्या काचेत मरियमबाईंचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि ती त्यांचे ओठ वाचत होती.

मरियमबाईंच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढला, कपाटाच्या दारावर टाकला आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला अंधार झाला. मी नुसती ऐकत राहिले.

"विहीर," मरियमबाई म्हणाल्या.

उत्तर नाही.

"कंदील." त्या जरा मोठ्याने म्हणाल्या. "पाऊलवाट."

उत्तर नाही. मग त्या मुलीचा आवाज आला, हसरा, धडपडत सावरलेला: "बाई, सांगताय ना पुढचा शब्द? मी तयार आहे."

साराबाईंनी पदर तोंडाला लावला. मी अजून ते विसरले नाही.

माझी ओळख नीट सांगते. माझा जन्म साता समुद्रांपलीकडचा. तिकडे लढाई चालू होती, पुरुष आघाडीवर होते, म्हणून कारखान्यात बायकाच कामाला होत्या. त्यांच्यातल्या एकीने माझ्या पोटात बोटाच्या पेराएवढे काचेचे तीन दिवे बसवले. ती काम करता करता गुणगुणत असे, आणि माझ्या कानी पडलेला पहिला आवाज तो. साबणाच्या वडीएवढा माझा आकार. तोंडावर बारीक जाळी. आवाज जाळीतून आत येतो, दिव्यांमध्ये मोठा होतो आणि वायरीतून कानातल्या बोंडीत जातो. अंगावर एक चाकी आहे, आवाज कमीजास्त करायला. बॅटरी वेगळी, तिची पिशवी कमरेला बांधायची. थोडक्यात काय, मी दुसऱ्याच्या अंगावर राहणारा कान आहे. आणि स्वभावाने भित्री. मोठा आवाज झाला की दचकते, आणि बोंडी माझ्या फार जवळ आली की माझ्या तोंडून शिट्टी निघते. तो माझा जन्मजात दोष. इलाज नाही.

माझी पहिली मालकीण एक म्हातारी मडमबाई. शिकवायला म्हणून इकडे आल्या आणि उभा जन्म नगर जिल्ह्यात काढला. छातीवर बिल्ला लावावा तशी त्या मला फ्रॉकवर मिरवायच्या. बाजारात पोरं मागे लागायची, "मडम, रेडिओ लावा की!" त्या म्हणायच्या, "आज बातम्या न्हाईत, उद्या या!" कमिटीत कोणी भाषण लांबवलं की सगळ्यांदेखत चाकी फिरवून मला बंद करायच्या आणि डोळे मिटून गालात हसायच्या. मला वाटायचं, माझा जन्म असाच जायचा, उन्हात, उघड्यावर, लोकांच्या डोळ्यांपुढे. लाज म्हणजे काय, ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मडमबाई मायदेशी गेल्या. जाताना मला दवाखान्यात ठेवून गेल्या. "जिला गरज असेल तिला द्या," म्हणाल्या. मग ते कपाट. मग ही मुलगी.

तिचं नाव दीना. नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी एक वाडी आहे, तिथल्या अब्राहाम मास्तरांची मुलगी. पुण्याला कॉलेजात शिकून आलेली त्या वाडीतली पहिली पोर. आता नदीपलीकडच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. हे सगळं साराबाई डॉक्टरांना अभिमानाने सांगत होत्या, आणि प्रत्येक वाक्यागणिक दीना आणखी खाली बघत होती.

मरियमबाईंनी दोन पायांचा एक लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटला. तो घुमू लागला. घुमता चिमटा त्यांनी दीनाच्या कानामागच्या हाडावर टेकवला. "येतंय ऐकू?" दीनाने मान हलवली. तोच चिमटा त्यांनी कानासमोर धरला. दीना गप्प.

"नस जिवंत आहे," मरियमबाई म्हणाल्या. "वाट तेवढी बुजलीय. तुमच्या वयाच्या बायकांत मी हे पाहिलंय. कपाटातली ही डबी तुम्हाला उपयोगी पडेल." मग त्या समोर, उजेडात येऊन बसल्या. "एक विचारू? ऐकणं कमी झालेलं माणूस आधी कानांची तक्रार करत नाही. लोकांची करतं. म्हणतं, मी हाक मारते तर कोणी ओ देत नाही. तुमचं असं काही झालंय?"

दीनाने पदर सारखा केला. "नाही," ती म्हणाली. "असं कोणी नाही."

उत्तर फार लवकर आलं. मला ते खरं वाटलं नाही.

मला कानाला लावायच्या आधी तिने उठून खोलीची खिडकी लावून घेतली. बाहेर फक्त एक बकरी होती.

बोंडी कानात बसली. मरियमबाईंनी चाकी फिरवली. साराबाईंनी डोळे पुसायला हात वर केला, आणि त्यांच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. दीना अशी दचकली की स्टूल पडलं. मीही दचकले. दोघी एकाच जातीच्या निघालो.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या बांगड्या वाजतात."

"तुझ्या जन्माआधीपासून वाजतायत, बाई," साराबाई म्हणाल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

तेवढा एकच क्षण सुखाचा. लगेच दीनाने विचारलं, "हे बाहेरून दिसतं का?"

"दिसायला हवं. जाळी उघडी ठेवा," मरियमबाईंनी बजावलं. "हा कान आहे. कानावर गोधडी घालून कोणाला ऐकू येतं?"

दीनाने मान हलवली. दवाखान्याची पायरी उतरायच्या आत तिने मला पोलक्याच्या आत सरकवलं, वर पदर घट्ट घेतला, पदराला पिन लावली आणि वायर अंबाड्याखालून मानेवर दडवली.

खादी कधी ऐकली आहे का तुम्ही? खळ घातलेली, कडक खादी? मला माहीत आहे, हा प्रश्न वेड्यासारखा वाटेल. पण त्या दिवसापासून मी खादीशिवाय दुसरं काही ऐकलं नाही म्हटलं तरी चालेल. तिने श्वास घेतला की खर्र. हात उचलला की खसाखस. वळली की जशी कोणी वाळलेली कडब्याची पेंढी ओढतंय. ते सगळं मी इमानाने मोठं करून तिच्या कानात ओतत होते. दुसरं मला येतं काय? आणि त्या गोंधळामागे, खूप लांब, माणसं बोलत होती.

खरं सांगू? मला तिचा राग आला नाही. माझीच मला लाज वाटू लागली. मडमबाईंच्या अंगावर होते तेव्हा मी बिल्ला होते. इथे मी अंगावरचं कोड होते, झाकून ठेवायचं.

परतीच्या वाटेवर साराबाई म्हणाल्या, "बाबांना सांगूया की. ते काय खातील तुला?"

"आई, तुला माझी शपथ आहे."

"ख्रिस्ती माणसाने शपथ घालू नये, हे तुझ्या बाबांनीच शिकवलंय."

"मग शपथ नाही, पाया पडते. सगळ्या वाडीने मला कॉलेजात धाडलं. पहिली शिकलेली पोर आणि तीच बहिरी? शाळेत कळलं तर मला ठेवतील? लोक म्हणतील, देवाने दाखवून दिलं."

साराबाईंनी ते पोटात ठेवलं म्हणून मीही एक गुपित झाले.

पहिल्याच रविवारी मी तिची फजिती केली. त्या वाडीत चर्चला देऊळच म्हणतात. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे आमोस पेटीवर. अब्राहाम मास्तरांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. दीनानेही डोक्यावरून पदर पुढे ओढून मान अगदी छातीशी नेली. त्यामुळे बोंडी माझ्या तोंडाशी आली, आणि मी शिट्टी मारली.

लांब, बारीक, कानठळ्या बसतील अशी शिट्टी. तीही "हे स्वर्गातल्या बापा" आणि पुढच्या शब्दाच्या मधोमध.

सगळ्या देवळाने डोळे उघडले. दीनाने पदराखाली हात घालून चाकी गच्च आवळली. बायकांत कोणी तरी म्हणालं, "आमोसची पेटी बोंबलली गं बया!" पुरुषांतून उत्तर आलं, "भात्याला उंदीर लागलाय." अब्राहाम मास्तर गंभीरपणे म्हणाले, "आमोस, भाता तपासून घे." बिचाऱ्या आमोसने पेटी खोलून एकेक सूर पुसला. त्या आठवड्यात साराबाई दीनाला दोनदा म्हणाल्या, "अगं, त्याला तरी सांग." दीना कपाळावर आठ्या घालून शाळेची पुस्तकं आवरत बसली.

त्या दिवसानंतर तिने चाकी जवळजवळ बंदच ठेवली. म्हणजे आता वर दोन पदरी खादी आणि आत अर्धवट मिटलेली मी.

आता नदीचं सांगते. खरं सांगायचं होतं ते हेच.

वाडी प्रवरेच्या एका तीरावर, शाळा दुसऱ्या तीरावर. उन्हाळ्यात माणूस चालत पार होतं. पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत नावेशिवाय गती नाही. नाव पुंजाराम नावाड्याची, आणि त्याची झोपडी वाडीच्या तीरावर. सकाळी काहीच अडत नसे. दीना आणि इतर माणसं घाटावर उभी असत, पुंजाराम सगळ्यांना घेऊन जाई. अडचण संध्याकाळची. शाळा सुटून, पोरी गेल्यावर, वह्या तपासून ती नदीवर येई तेव्हा दिवेलागण झालेली असे. पलीकडचा तीर बाभळींच्या सावलीत काळा पडलेला असे. तिथून हाक मारायची आणि नाव यायची वाट बघायची.

मी तिच्याबरोबर पहिल्यांदा गेले त्या संध्याकाळी तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली, "नावऽऽ! नाव आणा होऽऽ!"

मग ती पलीकडे बघत उभी राहिली. पाणी संथ होतं.

आणि मी ऐकलं. खादीच्या खरखरीपलीकडून, जमिनीखालून यावा तसा पुरुषाचा आवाज आला: "किती जन हायतीऽऽ?"

मी तो आवाज घेतला, जमेल तेवढा मोठा केला, वायरीत ढकलला. पण चाकी मिटलेली होती आणि दीनाचा ऊर धपापत होता. तिच्या कानात पोचली फक्त खादी. ती पुन्हा ओरडली, "नाव आणाऽऽ!" पुन्हा पलीकडून आलं, "किती जऽऽन?" ती उत्तर देईना. तिसऱ्या हाकेनंतर पलीकडून काहीच आलं नाही. नावही आली नाही.

तेवढ्यात बाजार करून भागूबाई आली. वाडीतलीच, मोठ्या तोंडाची, डोक्यावर पाटी. तिने पाटी न उतरवता नदीकडे तोंड करून हाक मारली. पलीकडून प्रश्न आला. भागूबाई ओरडली, "दोगीऽऽ!" आणि लगेच पाण्यात बांबूचा आवाज झाला. नाव निघाली.

दीना भागूबाईच्या पाठीमागे उभी होती. तिला भागूबाईचे ओठ दिसले नाहीत. तिने एवढंच पाहिलं: मी हाक मारली तर नाव येत नाही. भागूबाईने मारली की येते.

हे त्या दिवशीच घडलं असं नाही. दिवाळीच्या आधीपासून चाललं होतं; दुसरं कोणी येऊन हाक मारेपर्यंत ती काठावर ताटकळत असे. आणि दीनाने त्याचं कारण केव्हाच ठरवलं होतं.

ते कारण तिने मनाने रचलेलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. अब्राहाम मास्तर तान्हे असताना तापाने फणफणले होते. त्यांची आई त्यांना घेऊन याच काठावर उभी राहिली, आणि तिने अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. तेव्हा नाव पुंजारामच्या बापाकडे होती. तो पलीकडून ओरडला होता, "तुमच्यासाठी नाव न्हाई. बाटंल." ती बाई तान्ह्याला डोक्यावर धरून गळ्याइतक्या पाण्यातून आली. ही गोष्ट दीनाने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती, ऐकू येत होतं तेव्हा. म्हणून नाव आली नाही तेव्हा तिला दुसरं कारण शोधावंच लागलं नाही. जुनं कारण तयार होतं. देव बदलला, नाव बदललं, कॉलेज झालं, खादी आली, तरी पलीकडचा माणूस ओ देत नाही. नदी तीच, घाट तोच, नावाड्याचं घराणंही तेच.

एका सकाळी नावेत भागूबाई आणि आम्ही दोघीच होतो. पुंजाराम पाठमोरा उभा राहून बांबू रेटत होता आणि रेटता रेटता बोलत होता.

"भागूमावशे, त्या तीरावर काय तरी हाय बग. तिनीसांजंला बाईमानसाच्या आवाजात हाक येती. म्या इचारतो, किती जन? तर बोलतच न्हाई. फिरून हाक. फिरून इचारतो. गप!"

"मंग तू काय करतोस रं?"

"काय करतो? झोपडीत जाऊन दार लावतो! माज्या बानं सांगून ठिवलंय. जे हाक मारतं पर इचारल्यावर मोजून सांगत न्हाई, ते मानूस न्हवं. त्याच्यापाशी नाव न्यायची न्हाई. ती हडळ आसती."

"हडळीला तुजी नाव कशाला लागंल रं मुडद्या? ती उडत न्हाई जायाची?" भागूबाई पोट धरून हसू लागली. पुंजारामही हसला.

मी खादीखाली अडकून हे सगळं ऐकत होते. दीनाला दिसली ती पुंजारामची हलणारी पाठ आणि भागूबाईचं हसणं. भागूबाई हसता हसता सहज तिच्याकडे बघून म्हणाली, "ऐकलं का, मास्तरीनबाई?" ते ओठ दीनाला वाचता आले. ती लालेलाल झाली. तिला वाटलं, माझ्यावरच हसतात.

एका परीने ते खरंच होतं. पण पुंजाराम हसत होता तो भीती लपवायला. त्याच्या गळ्यात नवा काळा दोरा होता. तो मी ऐकू शकत नव्हते, पण साराबाईंनी पाहिला होता आणि घरी बोलून दाखवला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर दीनाने वडिलांना सांगितलं. कान सोडून सगळं.

अब्राहाम मास्तर तापट नव्हते. ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "त्याच्या बापाने माझ्या आईला काठावर उभं ठेवलं. मुलगा माझ्या मुलीला उभं ठेवतोय. तेव्हा कायदा नव्हता. आता आहे. सोमवारी मी मामलेदारापुढे उभा राहतो. त्याचा घाटाचा ठेका काढून घेतल्याशिवाय परत येत नाही."

"आणि त्याची पोरं काय खातील हो?" साराबाईंनी विचारलं. त्या दीनाकडे बघत होत्या.

"माझ्या आईने पाण्यात पाय घातला तेव्हा त्याच्या बापाने विचारलं होतं का, तुझं पोर जगेल का?"

साराबाई चुलीपाशी गेल्या. थोड्या वेळाने दीना तिथे गेली. साराबाईंनी तिच्याकडे तोंड केलं, ओठ नीट दिसतील असं, आणि हळू म्हणाल्या, "दीने, खरंच तो ओ देत नाही का गं?"

दीना चुलीतल्या जाळाकडे बघत राहिली. पण मी तिच्या छातीवर होते. मी कापडाव्यतिरिक्त पहिल्यांदाच दुसरं काही स्पष्ट ऐकलं. तिचं काळीज.

मग शनिवार आला. शाळा दुपारी सुटली, तरी ती वर्गातच बसून राहिली. सगळे गेले. भागूबाईचा बाजार त्या दिवशी नव्हता. दिवेलागणीला ती एकटी घाटावर आली. हे तिने मुद्दाम केलं होतं का? मला वाटतं, हो. मरियमबाईंचं ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. माणूस आधी लोकांची तक्रार करतं.

ती बराच वेळ हाक न मारता उभी राहिली. तिला पलीकडच्या माणसाची भीती वाटत होती. तो गप्प असेल तर जुनी जखम. आणि तो बोलत असेल तर? तर त्याहून वाईट. तर मग गुन्हेगार तो नव्हता.

तिने हाक मारली. "नावऽऽ! नाव आणाऽऽ!"

खादीपलीकडून आलं, "किती जऽऽन?" आवाज कापत होता.

दीनाबाई, मी मनात ओरडत होते, मला बाहेर काढा. मला आवाज नाही, मी फक्त दुसऱ्यांचा आवाज पोचवते, पण एवढं एकदा माझं ऐका. त्या मडमबाईंसारखं मला उघड्यावर धरा. इथे कोणी नाही. तुम्ही, मी आणि बाभळी. सोमवारी तुमचे बाबा एका घराची चूल विझवायला निघतील, आणि ती विझेल ती ह्या हातभर कापडामुळे. मी झाकून ठेवण्यासारखी वस्तू असेन, पण त्या माणसाचा आवाज झाकून ठेवण्यासारखा नाही.

तिचा हात पिनेपाशी गेला. थांबला. तिने मागे वळून शाळेच्या वाटेकडे पाहिलं. वाट मोकळी होती. तिने पिन काढली. पदर बाजूला केला. मला बाहेर ओढलं आणि पातळावर, छातीच्या मधोमध, उघडं टांगलं.

मला हवा लागली. वारा माझ्या जाळीतून गेला आणि दीना दचकली. तिने चाकी फिरवली, आणखी फिरवली, शेवटपर्यंत. पाण्याचा चुळचुळाट आला. कुठे तरी टिटवी ओरडली. तीनदा. दीनाने तोंडावर हात दाबला. टिटवी तिने कॉलेजात गेल्यापासून ऐकली नव्हती.

मग तिने हाक मारली. ती हाक इतकी बारीक होती की पलीकडे पोचली असेल का, याची मलाच शंका होती. "नाव आणाऽऽ."

पलीकडून लगेच काही आलं नाही. झोपडीचं दार वाजलं. तो आत निघाला होता. आणि मग, जसा कोणी राम राम म्हणत एक पाऊल परत टाकतो, तसा आवाज आला, आता मधे कापड नव्हतं, आता मधे फक्त पाणी होतं:

"आगं कोन हायेस तू? किती जन हायती, मोजून सांग की गं माय!"

ते तिच्या कानात गेलं. शब्दन् शब्द.

दीना खाली बसली. वाळूत, सरळ, पातळाचा विचार न करता. तो विचारत होता. तो रोज विचारत होता. इतक्या संध्याकाळी तो अंधारात उभा राहून, भीत भीत, तिला विचारत होता, आणि ओ तीच देत नव्हती.

मला वाटलं, आता ही पुन्हा गप्प बसणार. लाजेने. मी तिची लाज ओळखते, मी तिच्याखालीच राहिले आहे. पलीकडे दाराची कडी हलली.

ती उठली. दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि जे तिने आईलाही मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं, ते नदीभर पसरेल एवढ्या आवाजात ओरडली:

"एकटीच हायेऽऽ! दीना! अब्राहाम मास्तरांची दीना! पुंजारामदादा, मला ऐकू येत नाहीऽऽ! मला तुमचं ऐकू आलंच नव्हतंऽऽ!"

तिचा आवाज बाभळींवर आपटून परत आला. तोही तिने ऐकला.

मी जाळी ताणून वाट बघत होते. ती माझ्यावर बोटं ठेवून वाट बघत होती, झाकायला नव्हे, नुसती ठेवून. मग पाण्यात बांबू पडला, आणि त्या काळोखातून रडवेला, हसरा, दम लागलेला आवाज आला:

"आलोऽऽ बाई! आलोऽऽ!"